आईचं अकरा वाजताचं इंग्रजी

नल्लकुंटा, हैदराबाद

प्रिय जुई वहिनी,

तुला जाऊन आज एकोणतीस दिवस झाले. तू असतीस तर हे पाकीट फोडण्याआधी दादाला विचारलं असतंस, कुंदाचं पत्र? कोणाला काही झालं का? कारण तीस वर्षांत मी तुला स्वतःहून एक ओळ लिहिली नाही. तुझ्या वाढदिवसाला दादाच्या फोनवर 'वहिनींनाही शुभेच्छा' एवढं टाकायचे, तेही त्याने आठवण केली तर. समोर आलीस की 'तुम्ही' म्हणायचे. मान म्हणून नव्हे गं, चार हात लांब राहावं म्हणून. आता तू इतकी लांब गेलीस की 'तू' म्हणायला हरकत नाही.

लिहायचं कारण असं, की मंगळवारी दादाने मेलबर्नहून मला तुझ्या फोनमधली रेकॉर्डिंग पाठवली. 'ज्यूडी सांगून गेली, हे कुंदाला दे', असं खाली लिहिलं होतं. शंभरच्या वर आहेत. आणि प्रत्येकात माझ्या आईचा आवाज!

आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिचा आवाज असा अचानक स्वयंपाकघरात ऐकू आल्यावर दुसऱ्या कुठल्याही लेकीला रडू आलं असतं. मला आधी काय वाटलं सांगू? ही बाई माझ्या आईचं बोलणं चोरून भरून घेत होती, असं वाटलं. रडू मागाहून आलं.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. माझ्या स्वभावाला तर वर नोकरीचं खतपाणी मिळालं. नारायणगुड्याच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि दर परीक्षेला हॉलमध्ये पहारा दिला. कोणाच्या मोज्यात चिठ्ठी आहे हे मला पोराच्या बसण्यावरून कळायचं. मुलं माझ्या पाठीमागे मला सीसीटीव्ही मॅडम म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगू का, आवडायचंही.

अशा बाईच्या घरात दादाने सून म्हणून आणली कोण, तर नटी! तीही ऑस्ट्रेलियाची. दादाला कुणीतरी फुकटचं तिकीट दिलं म्हणून तो तुझ्या नाटकाला गेला, पहिल्या रांगेत बसून घोरला, आणि नाटक संपल्यावर तू त्याला शोधत आलीस, इतकं वाईट झालं का म्हणून विचारायला. ही गोष्ट दादा दरवेळी सांगायचा आणि आई दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. मला मात्र वाटायचं, शेकडो माणसांतून ही बाई एका घोरणाऱ्या इंजिनियरपाशीच का आली? काहीतरी पाहिलं असेल तिने.

तू पहिल्यांदा घरी आलीस तो दिवस आठवतो? आईला ज्यूडिथ म्हणता येईना, ती जुई म्हणाली आणि तू लगेच जुई झालीस. वाकून पाया पडलीस, पदर सावरलास, पुलिहोऱ्याचा आंबट भात हाताने खाल्लास. नात्यातल्या बायका हरखून गेल्या. पण मी त्या सकाळी न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून पाहिलं होतं. तू आरशासमोर पदर खांद्यावर टाकत होतीस, खाली सोडत होतीस, पुन्हा टाकत होतीस. ओठांनी 'आई, नमस्कार करते' म्हणत होतीस. आठ-दहा वेळा. ज्याला खरंच नमस्कार करायचा आहे तो तालीम करतो का? त्या दिवसापासून मी तुझ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवला नाही.

तुझं सगळं करिअर मला आईच्या तोंडून कळलं. मेंढ्यांच्या गावातली पोर, शाळेच्या नाटकात गाढवाचे मागचे दोन पाय झालीस, ती तुझी पहिली भूमिका. मग सिडनीला जाऊन शिकलीस. मग रोज संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेत नऊ वर्षं नर्स. दादा सांगायचा, भाजी घ्यायला गेलं तरी लोक हिला रक्तदाबाच्या गोळ्या विचारतात. एक दिवस मालिकावाल्यांनी त्या नर्सला शिडीवरून पाडून मारून टाकलं. तू धडधाकट फोनवर हसत सांगत होतीस, आणि आमच्या आईला त्या दुपारी घास गिळेना.

मग नाटकं. राण्या केल्यास, विधवा केल्यास, एकदा गळ्यात साखळी घालून न्यायाधीशही झालीस. गावोगाव बसमधून हिंडलीस. पन्नाशी उलटली आणि फोन वाजायचा थांबला. विमानतळावरच्या सूचना म्हणायला आवाज दिलास, दंतमंजनाच्या जाहिरातीत आजी झालीस. "पोरीला काम भेटंना गेलंय," आई मला सांगायची. मी म्हणायचे, मग काय झालं, सगळेच रिटायर होतात. मनात म्हणायचे, आता ही मोकळी झाली, आता हिचं लक्ष आमच्या घराकडे वळणार.

तू इथे आलीस की आई तुला बेगम बाजारात न्यायची. एकदा स्टीलचे डबे घेऊन आलात आणि तू दुकानदाराची नक्कल केलीस. त्याचं "नक्को बोले तो नक्को, अम्मा", त्याचा खोकला, वजन करताना भुवया वर करणं, सगळं हुबेहूब. आईने हसून हसून डोळे पुसले. मीही हसले, पण आतून चरकले. दहा मिनिटांत ही त्या माणसाला उचलून घरी घेऊन आली! मग मला इतकी वर्षं बघतेय, माझी काय काय नक्कल मेलबर्नला होत असेल?

आता मुद्द्यावर येते. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा तेव्हा फोनवर सारखा म्हणत होता, आईला इकडे आणू या, कुंदावर एकटीवर भार नको. मला भार होतोय असं मी कधी म्हटलं होतं? लग्न केलं नाही, दुसरं घर नाही, शाळा सुटली की आई, एवढंच माझं होतं. त्यातच एक दिवस खालच्या मजल्यावरच्या पद्मागारू जिन्यात भेटल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "मी अम्मगारू इंग्लीष बागा माट्लाडुतुन्नारु." तुमची आई इंग्रजी छान बोलते, रोज अकरा वाजता आवाज येतो. आईचं इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि राँग नंबर! मी शाळेत असताना अकरा वाजता घरात काय चालतं?

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासानंतर डोकं दुखतंय सांगून मी घरी आले. दार लोटलेलं होतं. चपला काढून बाहेरच उभी राहिले. आतून आई मोठ्या आवाजात, थांबत थांबत म्हणत होती, "आय कॅनॉट लिव्ह इन धिस हाऊस. शी वॉचेस मी. शी काउंट्स माय ब्रेड."

या घरात मी राहू शकत नाही. ती माझ्यावर पाळत ठेवते. माझी भाकरी मोजते. आणि पुढचं वाक्य, वहिनी, ती माझी मुलगी आहे आणि मला तिची भीती वाटते.

मी खरंच मोजायचे गं! तिला साखर होती, डॉक्टरांनी एकच भाकरी सांगितली होती, आणि ती पातेल्याखाली दुसरी लपवायची. मग फोनमधून तुझा आवाज आला. व्हेरी गुड आई, परत म्हणा. आणि आईने सगळं पुन्हा म्हटलं, तसंच, तेवढंच थांबून. पाठ केलेलं कसं ऐकू येतं हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या डोक्यात लख्ख झालं. ही तिला पढवतेय. कुठल्यातरी ऑफिसात, कुठल्यातरी गोऱ्या साहेबासमोर ही वाक्यं म्हणायला लावणार आणि मुलगी छळते म्हणून म्हातारीला कायमचं घेऊन जाणार.

मी आत गेले. आईने फोन उशीखाली सारला. मी विचारलं, काय चाललं होतं? "काय नाय गं. जुईसंगं बोलायले. चोरी हाय का त्याच्यात?" पण तिची नजर खाली होती.

दोन दिवसांनी मला तिची वही सापडली. दोनशे पानी, पानंच्या पानं देवनागरीत इंग्रजी वाक्यं, कुठे थांबायचं तिथे उभ्या रेघा. मी ती तिच्यासमोर धरली. ती मला एवढंच म्हणाली, "मला इचारू नको कुंदे. तुझ्यासाठीच सांगंना मी." माझ्यासाठी! म्हणजे मला ऐकवणार नाही इतकं भयंकर काहीतरी आहे, असा मी अर्थ लावला. चार दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही.

मग मी काय केलं ते तुला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मीच सांगते. आईचा पासपोर्ट नेऊन शाळेतल्या माझ्या कपाटात कुलपात ठेवला. वही रद्दीत घातली. वायफायचा पासवर्ड बदलला आणि आईला सांगितलं, नेट गेलंय, माणूस येतो येतो म्हणतोय. दादाला सांगितलं, स्क्रीनकडे बघून आईला चक्कर येते, साधा फोन करत जा, संध्याकाळी, मी घरी असताना. तू दोनदा घरच्या फोनवर केलास. दोन्ही वेळा मीच उचलला आणि आई झोपल्यात म्हणाले. आई समोर बसून शेंगा सोलत होती.

आठ महिने असं चाललं. आई रोज सकाळी विचारायची, आला का गं नेटवाला? मी नाही म्हणायचे. मग अकराच्या सुमाराला तिचं पुटपुटणं सुरू व्हायचं. गोंगुऱ्याची पानं खुडता खुडता, समोर कुणी नसताना इंग्रजी. मध्येच थांबायची, कुणाचंतरी ऐकल्यासारखी मान हलवायची आणि पुढचं म्हणायची. मी सुट्टीच्या दिवशी ते पाहिलं आणि घाबरले. तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, अम्मा, कुणाशी बोलता? आईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.  त्यांनी विसरभोळेपणाच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज सकाळी मी तिच्या तळहातावर गोळी ठेवायचे आणि ती निमूट गिळायची. डोकं शाबूत असलेली बाई वेडाच्या गोळ्या का गिळेल? हा प्रश्न मला, एवढ्या संशयी बाईला, एकदाही पडला नाही.

ती गेली तेव्हा ताप दोनच दिवस होता. दवाखान्यात तेच, आय कॅनॉट लिव्ह इन धिस हाऊस. तिथल्या नर्सने मला विचारलं, अम्मा इंग्रजीच्या टीचर होत्या का? मी हो म्हटलं.

तेराव्याला तू आणि दादा आलात. तू रडली नाहीस. नटी असून हिला दोन अश्रू जमू नयेत, असं मी मनात म्हटलंही. संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तू माझ्याजवळ आलीस आणि विचारलंस, आई शेवटी काही म्हणत होत्या का? मी म्हटलं, नाही. मग तू आईची वही मागितलीस. मी म्हटलं, कसली वही? तू माझ्याकडे बघत राहिलीस. त्या वेळी तुला माझा संशय आला होता ना? खरं सांग. मग विचारलं का नाहीस पुढे? एवढी मोठमोठ्या राण्यांची भांडणं स्टेजवर केलीस, माझ्याशी एक भांडण करता आलं नाही तुला?

आता रेकॉर्डिंगचं. मी ती क्रमाने लावली आणि पहिल्यापासून ऐकली. पहिलं सात वर्षांपूर्वीचं आहे. तू आईला तुझं काम समजावून सांगतेयस. मला हसू आलं, कारण गोऱ्या बाईच्या तोंडी अस्सल मराठवाड्याची बोली! समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी म्हटल्याशिवाय नटीला आपली पाठ करता येत नाहीत, दादा म्हणायला बसला की झोपतो, तर आई, तुम्ही म्हणाल का, असं तू विचारतेस. आणि शेवटी सांगतेस की गोष्ट बाहेर फुटली तर काम जातं, कागदावर तशी सही केलीय, म्हणून कुणालाच सांगायचं नाही.

त्यावर आई काय म्हणते ते मी आतापर्यंत वीस वेळा ऐकलंय. "कुंदाच्या गळ्याची शपथ. कुनाला नाय सांगत." तू हसतेस. "गळा? ओके आई, ओके." आणि लगेच पान एक वाचायला घेतेस.

काय केलंस तू वहिनी! तुमच्याकडे शपथ म्हणजे कागदावरची सही. आमच्या आईची शपथ तशी नव्हती. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव त्याच्या गळ्याची ती घ्यायची, आणि मोडली तर त्या माणसाच्या जिवावर बेतणार, हे तिला दिवसा सूर्य दिसतो तितकं पक्कं ठाऊक होतं. तिने माझी शपथ घेतली होती. मला सांगितलं असतं तर मलाच काही झालं असतं! 'तुझ्यासाठीच सांगंना मी.' डॉक्टरसमोर ती माझ्याकडे बघत होती ती त्यासाठी. वेडी ठरली, गोळ्या गिळल्या, पण माझ्या गळ्याला धक्का लागू दिला नाही.

आणि तुला एक शब्द म्हणायचा होता फक्त. सुटली. ज्याने शपथ घ्यायला लावली त्याने 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते, आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही हे माहीत असतं. तुला तीस वर्षांत पदर घ्यायला आलं, चार भाषांत घासाघीस करायला आलं, हे कुणी शिकवलं नाही? मी शिकवायला हवं होतं, म्हणशील. हो, हवं होतं. मी तुझ्याशी धड बोलत असते तर शिकवलं असतं.

दोन दिवस मी पुढचं काही ऐकलं नाही. मग ऐकत गेले. आईने तुझ्यासाठी काय काय केलं गं! ती पोलीस झाली, पाद्री झाली, बँकेचा मॅनेजर झाली. एकात ती तुझा प्रियकर आहे आणि दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगावं त्या सुरात म्हणते, आय लव्ह यू कॅथरीन. तू हसून कोसळतेस. आईही हसते. अशी मनमोकळी हसताना मी तिला घरात कितीशी पाहिलं? मी शाळेतून यायचे ते तोंड आवळूनच.

मग शेवटची तीसेक. तुला तब्बल सहा वर्षांनी मिळालेली मोठी भूमिका, ज्या मालिकेने तुला त्या वयात बक्षीस मिळवून दिलं ती. तू मुलगी, आई तुझी आई, मुलीला न ओळखून तिच्यापाशीच तिची तक्रार करणारी. मालिका लागली तेव्हा मी रागाने पाहिली नव्हती. परवा दादाकडून मागवून पाहिली. सगळी, एका बैठकीत.

वहिनी, ती मी आहे.

चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून वरून बघणं माझं. बाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा हाताने चाचपणं माझं. कुणी खोटं बोलतंय असं वाटलं की डाव्या अंगठ्याचं नख दाबणं, ते तर मला स्वतःलाही माहीत नव्हतं! म्हणजे माझा संशय खरा होता. तू मला उचलून नेलंस. गॅसची बटणं बंद केली मी आणि बक्षीस मिळालं तुला.

भांडायच्या तयारीनेच मी पुढचा भाग लावला. कुठे माझी टिंगल केलीय ते पकडायचं होतं. पण तुझी ती मुलगी दुष्ट नव्हती. ती आईच्या खोलीला बाहेरून कडी लावते आणि तिथेच जमिनीवर बसते, आईचा श्वास ऐकत. ती घाबरलेली असते. आई गेली तर आपलं कोण, याने ती इतकी घाबरलेली असते की कडीवरचा हात काढत नाही. हे तुला कसं कळलं? मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दादाला नाही, आईला नाही. तू वर्षाआड पंधरा दिवस येणार, तेवढ्यात तू हे माझ्यात कुठे पाहिलंस?

तरीही एक शंका उरलीच. सांगते. त्यातल्या एका रेकॉर्डिंगमध्ये तू आईला थांबवतेस आणि म्हणतेस, "आई, राग पायजे हितं. कुणावर राग येतोय तुमाला?"  आई म्हणते, "कुणावर येणार? घरात एकच हाय. तिच्यावरच येतो." तू म्हणतेस, "मंग तो घाला." आणि आई ते वाक्य म्हणते. शी वॉचेस मी. वहिनी, ते पाठ केलेलं नव्हतं. एकतीस वर्षांचा अनुभव आहे, मला फरक कळतो. ते खरं होतं.

मग ती खोकते आणि म्हणते, "बस आता. कुंदा येईल, तिला गरम गरम वरण लागतं." तेही खरं होतं.

यातलं कुठलं धरून ठेवू? तू रेकॉर्डिंग ऐकत बसायचीस, तुला काय वाटायचं? आईला माझी भीती होती का? मला हे विचारायला आता दोघींपैकी कुणी नाही. आजारपणात टोप घालून तू शेवटची नाटकं केलीस म्हणे. तेव्हा तरी मला एक फोन करायचास. मी उचलला असता की नाही, माहीत नाही. बहुतेक नसता.

काल पार्सल आलं. दादाने तुझी त्या मालिकेतली संहिता पाठवलीय, मुलीच्या वाक्यांखाली पिवळ्या खुणा केलेली. पहिल्या पानावर तुझ्या वळणदार, वाकड्या देवनागरीत एकच शब्द, कुंदा. हे मला का, म्हणून मी दादाला विचारलं. तो म्हणाला, तिने कारण सांगितलं नाही, फक्त म्हणाली रेकॉर्डिंगमध्ये जागा सोडलेली आहे, ते तिला कळेल. मला संशय आहे की हे सगळं तू ठरवून केलंस. आजारी पडल्यावर बसून ठरवलंस. काय सांगावं, याचीही तालीम केली असशील.

जागा म्हणजे काय ते मी काल ऐकलं. आई आपलं वाक्य म्हणते आणि थांबते. तुझं वाक्य जेवढं लांब, बरोबर तेवढं थांबते. त्या वेळात भिंतीवरचं आमचं घड्याळ ऐकू येतं. कुणी बोलो न बोलो, ती पुढचं म्हणते. तू म्हणे कानात ते लावून चालायला जायचीस आणि त्या रिकाम्या जागी आपली वाक्यं म्हणायचीस. आणि त्या आठ महिन्यांत, गोंगुरा खुडताना ती मध्येच थांबून मान हलवायची, तेव्हा ती तुझ्यासाठी जागा सोडत होती. तिथे बोलायला कुणी नव्हतं. मी होते, दाराआडून बघत.

तर हे ऐक. माझं इंग्रजी तुझ्याइतकं नाही, पण पाठांतर चांगलं आहे. मुलीची सगळी वाक्यं मी पाठ करणार. उद्यापासून रोज अकरा वाजता दार लावून घेणार, आईला लावणार, आणि ती थांबली की बोलणार. ती म्हणेल मला तिची भीती वाटते, आणि त्या जागी मुलीचं जे वाक्य आहे ते मी तिला सांगणार. माझ्याकडून चुकलं, उशीर झाला, तरी पुन्हा सुरुवातीपासून लावीन. आईला यापुढे उत्तरावाचून थांबावं लागणार नाही, हे मी तुला माझ्याच गळ्याची शपथ घेऊन सांगते.

तुझी नणंद,
कुंदा